उभ्या गाडीचे दुखणे
(जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरची साफसफाई)

‘घसाऱ्याची कारणे लिहा’ हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी सोडविलेला असतो. वापरामुळे होणारी झीज, काळाचा परिणाम, नव्या शोधांमुळे जुने यंत्र मागे पडणे, अशी कारणे आपण ओळीने पाठ करतो. यांपैकी पहिले कारण कुणालाही चटकन पटते. यंत्र चालले की झिजणार, हे उघडच आहे. दुसरे कारण मात्र मला कधी मनापासून पटले नव्हते. जी वस्तू वापरलीच नाही, सावलीत झाकून ठेवली, तिची किंमत नुसत्या काळाने कशी कमी होईल? या शंकेचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते आमच्या पडवीत सहा वर्षे उभ्या असलेल्या मोटारसायकलने दिले, आणि तेही तिच्या पोटातील मुठीएवढ्या एका भागाने. त्या भागाचे नाव कार्बोरेटर.

ही मोटारसायकल म्हणजे आजोबांनी १९८६ साली घेतलेली येझदी. आपल्याच राज्यात, म्हैसूरला, ‘आयडियल जावा’ कारखान्यात ती तयार झाली. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये सुरू झालेला हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. एकच सिलिंडर, अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरविला की त्याचीच किक होते, अशी तिची ठेवण. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत या गाड्यांनी दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या आणि तिघे-तिघे माणसे वाहिलेली आहेत.

आजोबांची गाडी २०१९ च्या पावसाळ्यात थांबली. शेतावरून येताना त्यांच्या छातीत दुखू लागले, ते कसेबसे घरी पोचले, गाडी पडवीत लावली आणि तेथूनच त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. ते बरे होऊन परतले, पण पुन्हा गाडीवर बसले नाहीत. दर खंडेनवमीला गाडी पुसायची, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचे, आणि किक मात्र मारायची नाही, असा आमच्या घरचा शिरस्ता पडला. मध्यंतरी काकांनी एका मेकॅनिकला दाखविली. त्याने प्लग बदलला, सहाशे रुपये घेतले आणि “इंजिनच गेलंय, भंगारात द्या,” असे सांगितले. गेल्या भाद्रपदात भंगारवाल्याशी बोलणेही झाले. आजोबा त्यावर काहीच बोलले नाहीत. मी काकांकडे दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

या कामात मला गुरू मिळाले ते आमच्या गल्लीतले एक वृद्ध फिटर. उद्यमबागेतील कारखान्यात त्यांची हयात गेली. त्यांची भाषा कन्नड, माझी मराठी. पण स्पॅनर, पाना आणि पेट्रोल यांच्या बाबतीत आमचे कधी अडले नाही. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी गाडीचे लक्षण सांगितले : चोक लावल्यावर एकदा सुरू झाली होती, पण चोक सोडला की बंद पडे. मामांनी गाडी न पाहताच निदान केले, “तम्मा, चोकवर चालते म्हणजे इंजिन ठीक आहे. पायलट बंद असणार.” हे त्यांनी कशावरून सांगितले, ते कळण्यासाठी कार्बोरेटरचे काम आधी समजून घ्यावे लागेल.

कार्बोरेटर करतो तरी काय?

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेशी ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे मिश्रण तयार करणे एवढेच कार्बोरेटरचे काम. त्याच्या मधून एक नळी जाते, ती मध्यभागी अरुंद असते. इंजिन हवा ओढते तेव्हा त्या अरुंद जागी हवेचा वेग वाढतो व दाब कमी होतो. खालच्या वाटीतील पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. त्या फरकाने पेट्रोल बारीक भोकांतून वर ढकलले जाते आणि हवेत तुषाररूपाने मिसळते. यात पंप नाही, वीज नाही. आहे तो केवळ दाबातील फरक आणि भोकांचे माप.

वाटीतील पेट्रोलची पातळी सतत सारखी राहावी म्हणून तीत एक तरंगणारा फ्लोट असतो. घराच्या गच्चीवरील टाकीत पाणी भरले की गोळा वर येऊन नळ बंद करतो, तसाच हा फ्लोट एका टोकदार सुईने पेट्रोलची वाट बंद करतो.

इंजिन हळू चालताना व वेगात चालताना लागणारे पेट्रोल वेगवेगळे, म्हणून पेट्रोलला एकच वाट असून भागत नाही. आमच्या गाडीला मागे कधीतरी मिकुनी पद्धतीचा कार्बोरेटर बसविलेला आहे. या पद्धतीत ॲक्सिलरेटर पिळला की एक गोल स्लाईड वर उचलली जाते. ॲक्सिलरेटर बंद असताना आणि साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेटचे राज्य असते. तेथून पाव भागापर्यंत स्लाईडच्या खालच्या तिरप्या कापाचा प्रभाव असतो. पावपासून पाऊणपर्यंत स्लाईडला लटकलेल्या निमुळत्या सुईचा, आणि त्यापुढे मेन जेटचा. चोकची वाट या सर्वांहून निराळी असते.

आता मामांचे निदान उलगडते. चोकची वाट स्वतंत्र असल्याने तिच्यातून पेट्रोल पोचले की इंजिन चालते. म्हणजे ठिणगी आहे, दाब आहे, पिस्टन शाबूत आहे. चोक सोडताच गाडी पायलटवर येते, आणि पायलटची वाट बंद असेल तर बंद पडते. हेच कोष्टक उलटे वाचले तर इतर दुखणीही ओळखता येतात. हळू नीट चालते पण मध्येच अडखळते, तर सुई व तिची नळी पाहावी. पूर्ण वेगाला दम सोडते, तर मेन जेट किंवा टाकीकडून येणारी वाट पाहावी. निदान आधी, पाना नंतर, हा पहिला धडा.

उभ्या गाडीत काय बिघडते?

पेट्रोल हा एक पदार्थ नसून शेकडो पदार्थांचे मिश्रण आहे. त्यातील हलके भाग आधी उडून जातात, आणि गाडी थंड असताना पेट घेण्याचे काम त्या हलक्या भागांचेच असते. मागे राहिलेल्या भागांपैकी काहींचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यांचा चिकट डिंक बनतो. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असते. आजोबा लिटरला ४० मिलिलिटर घालीत, म्हणजे पंचवीसास एक. पेट्रोल उडते, तेल उडत नाही. त्यामुळे अशा गाडीच्या वाटीत राळ अधिक साचते.

आमच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती. त्या दिवशी दुखण्याच्या घाईत पेट्रोलचा कॉक उघडाच राहिला होता. कॉक बंद असता तर वाटीतील पाऊण चहाच्या कपाएवढे पेट्रोल वाळले असते आणि तेवढ्यावर भागले असते. उघड्या कॉकमुळे वाटीतील पेट्रोल उडाले की फ्लोट खाली जाई, वरून नवे पेट्रोल येई, तेही वाळे, पुन्हा नवे येई. टाकी आटेपर्यंत हे चालले. राळेचे थरावर थर चढले. एका लोखंडी चकतीच्या पाव वळशाची किंमत सहा वर्षांनी कळली.

अलीकडे यात इथेनॉलची भर पडली आहे. आपल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले. वीस टक्क्यांच्या मिश्रणाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरात झाली आणि २०२५ मध्ये देशभर तो टप्पा गाठला गेला. बेळगाव जिल्हा उसाचा. इथेनॉल उसाच्या रसापासून व मळीपासून होते. तेव्हा आपल्या गाडीच्या टाकीत आपल्याच शिवाराचा काही अंश येतो, असे म्हणण्यास हरकत नाही. ऊस उत्पादकाला त्याचा लाभ आहे, हेही खरे. परंतु जुन्या गाडीच्या दृष्टीने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. फार पाणी झाले तर ते पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि जस्तमिश्रित धातूच्या कार्बोरेटरवर पांढरी भुकटी धरू लागते. जुन्या रबरी नळ्या व वॉशर त्याने फुगतात किंवा कडक होतात. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. इथेनॉलमध्ये प्राणवायू मुळातच असतो, त्याच्या एका भागाला केवळ नऊ भाग हवा पुरते. शुद्ध पेट्रोलसाठी लावलेल्या जुन्या कार्बोरेटरमध्ये वीस टक्क्यांचे मिश्रण घातले, तर जळणाच्या मानाने हवा जास्त होते. टू-स्ट्रोक इंजिनात असे मिश्रण फार तापते आणि पिस्टन जाम होण्याचा धोका असतो.

काम सुरू करण्यापूर्वी

मोहाची पहिली पायरी म्हणजे किक. सहा वर्षे उभ्या गाडीला किक मारू नये. सिलिंडर कोरडा असतो, गंजाचे कण असू शकतात. प्लग काढून भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि मग प्लग न लावता हाताने दांडा हळूहळू फिरवून पाहावा. आमचा पिस्टन कुरकुर न करता फिरला, तेव्हा मामांनी नुसती मान डोलावली.

त्यानंतर टाकी. जुने पेट्रोल असेल तर ते संपूर्ण काढावे. त्याला पेट्रोलचा नव्हे तर रंगाच्या दुकानातील वार्निशसारखा वास येतो. टाकीत बॅटरी घालून पाहावे. आत गंज असेल तर तो काढल्याशिवाय कार्बोरेटर साफ करणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चार किलोमीटरवर गंजाचे कण पुन्हा जेटमध्ये येऊन बसतील. कॉकच्या वरची बारीक जाळीही धुवावी आणि पेट्रोलची नळी नवीच घालावी.

हे सर्व काम मोकळ्या हवेत करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. आमच्या घरी गाडीसमोर उदबत्ती लावण्याची सवय असल्याने मला आईला आधीच बजावून ठेवावे लागले.

उघडताना

कार्बोरेटर उतरविणे अवघड नाही. कॉक बंद करून नळी काढायची, वरचे झाकण फिरवून स्लाईड व सुई वायरीसह बाहेर काढून स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवायची, हवेच्या फिल्टरकडचे रबर मागे सारायचे आणि इंजिनाकडचे नट सोडायचे. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो घ्यावाच. पण एक वहीही जवळ ठेवावी. वहीत दोन नोंदी काम सुरू करतानाच झाल्या पाहिजेत. एक, सुईवरची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे. दोन, बाजूचा हवेचा स्क्रू पूर्ण आवळेपर्यंत किती फेरे बसतात. आमची क्लिप पाचपैकी तिसऱ्या खाचेत होती, स्क्रू एक फेरा आणि पाव. जुन्या मालकाचा अनुभव या दोन आकड्यांत साठविलेला असतो; तो न लिहिता पुसणे म्हणजे मागील वर्षाची शिल्लक न घेता नवे खाते उघडणे होय.

वाटीचे स्क्रू राळेने घट्ट धरलेले असतात. डोक्यात नीट न बसणारा स्क्रूड्रायव्हर लावला तर डोके फाटते. गंज सोडविणारे तेल घालून एक दिवस वाट पाहावी, मग स्क्रूड्रायव्हर लावून त्याच्या मुठीवर हलकी थाप मारावी आणि फिरवावा. मी जोर करू लागलो की मामा म्हणत, “निधान, तम्मा, निधान.”

वाटी उघडली तेव्हा आत पेट्रोल नव्हतेच. तळाशी काकवीसारखा तपकिरी थर, बाजूंना हिरवट कड, आणि त्यात फ्लोट अर्धा रुतलेला. मेन जेटच्या टोकाला मेणबत्तीवर ओघळ यावा तसा थेंब घट्ट झालेला होता. मागील मेकॅनिकने ही वाटी उघडलीच नव्हती, हे एका नजरेत कळले.

फ्लोटची पिन काढताना विशेष जपावे. ती ज्या दोन खांबांत बसते ते नाजूक असतात. एक तुटला तर अख्खा कार्बोरेटर वाया जातो. पिन बारीक खिळ्याने एका बाजूने अलगद ढकलावी, हातोडा लावू नये. मग फ्लोट, त्याची सुई, मेन जेट, सुईची नळी आणि शेवटी खोल विहिरीसारख्या भोकात बसलेला पायलट जेट, या क्रमाने भाग काढावेत आणि त्याच क्रमाने कागदावर मांडावेत. पायलट जेटसाठी त्याच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर हवा. जेट पितळेचे, मऊ असतात.

माझी चूक

येथे मी एक चूक केली, ती लपविण्यात अर्थ नाही. पायलट जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ते राळेने बुजलेले दिसताच मी घरातील शिवणाची सुई त्यात घातली आणि फिरविली. राळ निघाली, उजेड दिसला, मला आनंद झाला. मामांनी जेट भिंगाखाली धरला आणि माझ्या हातात दिला. भोक गोल राहिले नव्हते; एका कडेला खरवडले गेले होते.

मामा म्हणाले, “यावर आकडा आहे ना? तो आता खोटा झाला.”

प्रत्येक जेटवर एक आकडा कोरलेला असतो आणि तो त्या भोकाच्या मापाशी बांधलेला असतो. पोलादी सुई पितळेला खाते. भोक मोठे झाले तरी आकडा तोच राहतो. आणि पुढे कुणीही तो आकडा वाचून हिशेब करील तर तो चुकेल. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याहून स्पष्ट शब्दांत कोण सांगणार? रक्कम बदलून पावती तशीच ठेवावी, तसा तो प्रकार होता. त्याच आकड्याचा नवा जेट विकत आणावा लागला.

मग योग्य रीत कोणती? पितळी भाग कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवावेत. राळ विरघळू द्यावी, खरवडू नये. फारच हट्टी असेल तर विजेच्या वायरीतील तांब्याचा एकच केसासारखा धागा सरळ घालून काढावा, कारण तांबे पितळेला खात नाही. मग पंक्चरच्या दुकानातून हवेचा झोत मारून घ्यावा आणि जेट आकाशाकडे धरून पाहावा. स्वच्छ झालेले भोक पूर्ण गोल व लख्ख दिसते. रबराचे भाग आणि फ्लोट मात्र क्लीनरमध्ये कधीही टाकू नयेत. ते पेट्रोलच्या फडक्याने पुसावेत.

जेट साफ झाले म्हणजे काम संपले, असे अनेकांना वाटते. तेथेच गफलत होते. कार्बोरेटरच्या अंगात जे बोगदे कोरलेले असतात ते दिसत नाहीत. मुख्य नळीच्या तळाशी, स्लाईडच्या खाली व जरा इंजिनाकडे, टाचणीच्या टोकाएवढी दोन भोके असतात. पायलटचे पेट्रोल शेवटी तेथून बाहेर पडते. पायलटच्या विहिरीत क्लीनरची नळी लावून फवारा मारला की या दोन्ही भोकांतून धार आली पाहिजे. आमच्या कार्बोरेटरमध्ये एकातून आली, दुसऱ्यातून नाही. तीन दिवस क्लीनर घालणे, थांबणे, हवा मारणे असे चालले. चौथ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या भोकातून धार आली ती थेट माझ्या तोंडावर. चष्मा होता म्हणून निभावले. फवारा मारताना डोळे झाकलेच पाहिजेत.

जुळवताना

बसविताना प्रथम फ्लोट तपासावा. कानाशी हलविला असता आत पेट्रोल खळखळले, तर फ्लोट फुटका आहे. गरम पाण्यात बुडविला असता बुडबुडे आले तर चीर कोठे आहे तेही कळते. फ्लोटच्या सुईच्या टोकाला चरा पडलेला असेल तर ती बदलावी. बसविल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीत फुंकावे. हवा जाता कामा नये. सरळ धरून फुंकावे; हवा गेली पाहिजे. ही साधी परीक्षा टाळली तर पेट्रोल वाहून जमिनीवर येते, अथवा टू-स्ट्रोकच्या पोटात उतरते, आणि दोन्हींत धोका आहे. वाटीचे गॅस्केट व रबरी वॉशर नवेच घालावेत. आम्ही सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे चौथ्या खाचेत लावली. त्यामुळे सुई किंचित वर राहते आणि मधल्या वेगात पेट्रोल थोडे अधिक मिळते. इथेनॉलमुळे पडणारी तूट त्याने काहीशी भरून निघते.

स्लाईड बसविताना तिची खाच आतील खुंटीवर बसली पाहिजे. उलटी बसली किंवा वायर अडकली तर ॲक्सिलरेटर उघडाच राहतो आणि पहिल्या किकला इंजिन बेफाम धावते. म्हणून किक मारण्यापूर्वी मूठ पिळून सोडावी. स्लाईड ‘टक्’ असा आवाज करून खाली आली पाहिजे. इंजिनाकडचे नट आळीपाळीने सारखे आवळावेत. एकच बाजू जोराने आवळली तर फ्लॅंज वाकते, फटीतून चोरटी हवा शिरते आणि सारी मेहनत फुकट जाते.

हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढावा. इंजिन गरम झाल्यावर तो पाव-पाव फेरा आतबाहेर करून, जेथे ते सर्वांत एकसारखे चालते तेथे ठेवावा. आमच्या कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू हवा कमीजास्त करतो, तेव्हा आत घेतला की मिश्रण दाट होते, हे विसरू नये. काही किलोमीटर चालवून प्लग काढून पाहावा. टोक दुधाच्या चहाच्या रंगाचे असेल तर मिश्रण ठीक. काळे व ओले असेल तर पेट्रोल जास्त. पांढरे पडले असेल तर हवा जास्त. अशा वेळी गाडी पुढे दामटू नये.

ज्यांच्याकडे दोन कार्बोरेटरची गाडी आहे, उदाहरणार्थ १९८० च्या दशकात यामाहाच्या सहकार्याने निघालेली राजदूत ३५०, त्यांना एक काम अधिक करावे लागते. दोन्ही कार्बोरेटरचे भाग कधीही एकमेकांत मिसळू देऊ नयेत. एक पूर्ण करून मगच दुसरा उघडावा. बसविल्यावर दोन्ही स्लाईड एकाच क्षणी व सारख्याच उचलल्या जातात की नाही, हे वायरीच्या स्क्रूने जुळवावे. नाहीतर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत राहतो.

पुन्हा उभी ठेवायची असेल तर

गाडी महिनाभराहून अधिक थांबणार असेल तर कॉक बंद करून इंजिन चालू ठेवावे आणि वाटी रिकामी होऊन ते आपोआप बंद पडू द्यावे. वाटीला खाली स्क्रू असेल तर तो सोडून उरलेले थेंब काढावेत. दीर्घकाळ ठेवायची असल्यास, आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या काळात, टाकी रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवून ठेवणे बरे. आठवड्याला एकदा दोन मिनिटे सुरू करून बंद करण्याचा काही उपयोग नाही. इंजिन पुरते तापेल इतकी तरी ती चालली पाहिजे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा इंजेक्शनने घेतली. तेव्हा ही विद्या आता मामांसारख्या माणसांच्या बोटांत तेवढी उरली आहे, आणि ती शिकायची तर त्यांच्या शेजारी बसूनच.

गॅस्केटचा संच, नळी, क्लीनर, नवा जेट मिळून मला सातशे चाळीस रुपये खर्च आला. त्यातील जेटचा खर्च माझ्या अधीरतेच्या नावे टाकला आहे. मामांनी पैसे घेतले नाहीत.

त्यांचा ‘निधान’ हा शब्द माझ्या कानात राहिला आहे. कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू, सबुरीने. मराठीत निधान म्हणजे ठेवा. पडवीतला ठेवा सबुरीनेच हाती लागतो, हे मला दोन्ही भाषा येतात म्हणून कळले. आपल्या या अंकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांना ते निराळे सांगायला नको.

गेल्या खंडेनवमीला सकाळी गाडी पडवीतून अंगणात आणली. पूजेआधी किक मारायची असे मी ठरविले होते. पहिल्या तीन किका फुकट गेल्या. चौथ्या किकला निळसर धुराचा लोट उठला आणि दोन्ही सायलेन्सरमधून तो जुना आवाज सुरू झाला. मी चोक सोडला. गाडी चालूच राहिली. काका ओट्यावर उभे होते, ते भंगारवाल्याविषयी काही बोलले नाहीत, आजपर्यंत बोललेले नाहीत. नोंदणीची मुदत संपलेली आहे. तिच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागेल, आणि आता ती स्वतःच्या चाकांवर जाईल.

आजोबा खुर्चीवरून उठून जवळ आले. मुठीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “कॉक बंद केलास का?”

मी खाली वाकलो आणि चकतीला पाव वळसा दिला.